शफरीचे मागणे : आपल्या नद्यांतील एका मत्स्यकुळाची कथा

धारवाड शहराच्या कडेला सोमेश्वराचे जुने देवालय आहे. त्याच्या परिसरात शाल्मला नदीचा उगम आहे, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. ही क्षीणशी धार पुढे हुबळीकडून येणाऱ्या बेडतीस मिळते, मागोडच्या कड्यावरून खाली कोसळते, गंगावळी हे नाव धारण करते आणि गोकर्णक्षेत्रापासून फार दूर नसलेल्या किनाऱ्यावर पश्चिम समुद्रास मिळते. उलटपक्षी, याच पठाराच्या पूर्व उतारावर पडलेला पाऊस बेण्णीहळ्ळाच्या वाटेने मलप्रभेस, मलप्रभेतून कूडलसंगमी कृष्णेस आणि कृष्णेतून पूर्व समुद्रास जातो. धारवाड व हुबळी ही जोडनगरे अशा रीतीने दोन समुद्रांच्या पाणलोटांच्या सीमेवर वसली आहेत. माणसास ही सीमा डोळ्यांनी दिसत नाही. तो एका रिक्षात बसून ती दिवसातून चार वेळा ओलांडतो. परंतु गोड्या पाण्यातील माशास ती सीमा समुद्राइतकीच अलंघ्य आहे. कारण जमिनीवरून चालत जाऊन दुसऱ्या नदीत उतरणे त्यास शक्य नाही. म्हणूनच कोणत्या नदीत कोणता मासा राहतो, हा त्या प्रदेशाच्या पुरातन इतिहासाचाच एक भाग असतो.

हा इतिहास आपल्या समाजात फारसा कोणी वाचलेला नाही, आणि त्याचे कारणही उघड आहे. आमची ज्ञाती मूळची किनाऱ्याची. हुबळीत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही कारवार-अंकोल्याकडून आलेल्या मासळीची वाट पाहणारी घरे आमच्यात कमी नाहीत. ‘नुस्तें’ म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे बांगडा, इसवण, तारले उभे राहतात. गोड्या उदकाचे नुस्तें म्हणजे चिखलाचा वास, अशी आमच्या वडीलधाऱ्यांची समजूत. आणि गंमत अशी की, समुद्राच्या माशावर प्रेम करणारा हाच गृहस्थ शृंगेरीस गेला की तुंगेच्या पायऱ्यांवर बसून नदीतील माशांस मोठ्या भक्तीने चुरमुरे घालतो. म्हणजे नदीच्या माशाशी आमचा संबंध आहे तो ताटातला नव्हे, देवळातला आहे. त्या नात्यानेच हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

श्रीमद्भागवताच्या अष्टम स्कंधात मत्स्यावताराची कथा आहे. द्रविडदेशीचा राजा सत्यव्रत कृतमाला नदीत तर्पण करीत असता त्याच्या ओंजळीत एक लहानशी मासोळी आली. भागवतकार तिला ‘शफरी’ म्हणतात. राजा तिला पुन्हा नदीत सोडू लागला, तेव्हा ती म्हणाली की, मोठ्या जलचरांचे मला भय आहे, मला टाकू नकोस. राजाने तिला कलशात ठेवले. एका रात्रीत कलश अपुरा पडला. मग मोठे भांडे, मग सरोवर, मग त्याहून मोठे जलाशय आणि अखेर सागर. पुढील कथा सर्वविश्रुत आहे. आम्ही येथे एकाच गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. या शफरीने राजाजवळ अन्न मागितले नाही. तिने आश्रय मागितला. आणि पुढे प्रत्येक वेळी मागितले ते पुरेसे पाणी. राजाचे पुण्य हे की, त्याने ते प्रत्येक वेळी दिले.

शफरी म्हणजे कोणता मासा? संस्कृत कोशकार तिचा अर्थ चकाकणारी, चंचल, लहान मासोळी असा देतात, आणि आज जिला प्राणिशास्त्रज्ञ ‘पुंटियस’ म्हणतात त्या गटातील चंदेरी मासोळीशी तिचे नाते जोडतात. फ्रान्सिस हॅमिल्टन या संशोधकाने 1822 साली गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात अशाच एका मासोळीस ‘सोफोर’ हे नाव दिले, त्यात शफरी याच शब्दाचा ध्वनी ऐकू येतो. ही मासोळी ज्या कुळातली, ते कार्प माशांचे कुळ गोड्या पाण्यातील माशांत सर्वांत मोठे होय. व्यापक अर्थाने घेतल्यास त्यात तीन हजारांच्या आसपास जाती मोडतात. ओढ्यातील बोटभर मासोळीपासून माणसाच्या वजनाच्या महाशीरापर्यंत सारे त्याचे सभासद. या लेखापुरते आपण त्यास ‘शफरकुळ’ म्हणू.

या कुळाची काही लक्षणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. यांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात, आणि तेथेच अन्न भरडले जाते. यांस खरे जठर नसते. त्यामुळे थोडे थोडे आणि पुष्कळ वेळ खात राहणे हीच यांची रीत. अनेकांच्या ओठांजवळ लहान मिशा असतात व त्यांनी ते तळ चाचपतात. परंतु सर्वांत नवलाची रचना यांच्या कानाची आहे. पोटातील हवेची पिशवी आणि आतला कान यांस जोडणारी इवल्या अस्थींची एक साखळी यांच्या अंगी असते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने 1820 साली तिचे वर्णन केले. पाण्यातील ध्वनीने हवेची पिशवी कंप पावते आणि तो कंप ही साखळी थेट कानास पोहोचविते. म्हणून या कुळातील माशांस फार चांगले ऐकू येते. देवळाच्या घाटावर पावले वाजली की मासे गोळा होतात, यास भाविक देवाची लीला म्हणतात. आम्ही त्यांच्याशी वाद घालणार नाही, एवढेच म्हणू की त्या लीलेचे साधन ही अस्थींची साखळी आहे.

आता इतिहासाकडे वळू. बाराव्या शतकात हा सारा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. हुबळीजवळच्या उणकल येथील चंद्रमौळेश्वराचे देखणे देवालय त्याच काळातील. या घराण्यातील तिसरा सोमेश्वर इ. स. 1127 च्या सुमारास गादीवर आला आणि त्याने ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. धारवाडच्या सोमेश्वराचे व या राजाचे नाव एकच असले तरी तेवढ्यावरून संबंध जोडण्याचे कारण नाही. ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत. राज्यप्राप्तीपासून पाककृतीपर्यंत, हत्तींच्या परीक्षेपासून गायनापर्यंत एकही विषय राजाने सोडलेला नाही. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादून प्रसिद्ध केला, त्यामुळे तो आज अभ्यासकांस सुलभ झाला आहे.

या ग्रंथाच्या विनोदविषयक भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. गळ टाकून मासे धरण्याचा राजाचा खेळ हा त्याचा विषय. परंतु खेळाच्या निमित्ताने राजाने जी माहिती नोंदविली, ती पाहून आश्चर्य वाटते. समुद्रातले व नदीतले, खवलेवाले व केवळ कातडी असलेले, मोठे, मध्यम व लहान, अशी माशांची वर्गवारी त्यात आहे. सुमारे पस्तीस प्रकारांची नावे आहेत. कोणत्या माशास कोणत्या पिठाचे वा पदार्थाचे गोळे आवडतात, ते आधी पाण्यात टाकून त्यास जागेची सवय कशी लावावी, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, याचे तपशील आहेत. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने 1951 साली या प्रकरणावर इंग्रजीत निबंध लिहून त्याची महती जगाच्या निदर्शनास आणली. राजाच्या यादीत ‘रोहित’ हे नाव आहे. वाचकांनी मात्र त्यावरून घाई करू नये. आज बाजारात ज्यास रोहू म्हणतात तो मुळात उत्तरेकडील नद्यांचा मासा. कृष्णेच्या खोऱ्यात तो माणसाने आणून सोडला. तेव्हा राजाचा रोहित कोणता हे ठरविताना आपल्या नद्यांतील त्याचे दख्खनी भाऊबंदही विचारात घेतले पाहिजेत.

मराठी वाचकांस या ग्रंथाचे आणखी एक अगत्य आहे. त्याच्या संगीतविषयक भागात निरनिराळ्या देशी भाषांतील रचनांचे नमुने दिले असून त्यांत जुन्या मराठीची एक रचना आहे. दशावतारांच्या त्या स्तुतीत मत्स्यरूपाने रसातळातून वेद वर आणणाऱ्या नारायणाचे स्तवन येते. मराठीच्या अगदी प्राचीन अवशेषांत तिची गणना होते. कानडी मुलखाच्या राजाने संस्कृत ग्रंथ रचावा, त्यात मराठी स्तुती घालावी आणि ती मत्स्यावताराची असावी! दोन-दोन, तीन-तीन भाषा घरात बोलणाऱ्या आमच्यासारख्या लोकांस याहून जिव्हाळ्याचा पुरावा कोठे मिळणार? एकाच पुस्तकात मासा एके ठिकाणी राजाच्या गळाला लागतो आणि दुसऱ्या ठिकाणी वेद तारून आणतो. भक्ष्य आणि दैवत ही माशाची दोन्ही रूपे आपल्या पूर्वजांस ठाऊक होती व त्यांनी दोहोंचीही आब राखली.

सोमेश्वराच्या नंतर सुमारे सातशे वर्षांनी आपल्या माशांची दुसरी मोठी यादी झाली, ती एका परक्या माणसाच्या हातून. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. 1824 साली मुंबई सरकारने त्यास दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड ही चार कलेक्टोरेटे त्याच्या अहवालाचा विषय होती. लोकसंख्या, पिके, वजनेमापे मोजता मोजता या गृहस्थाने पक्षी, पशू आणि मासेही टिपले. 1831 साली तो स्वदेशी परतला, आणि दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध 1838 साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे वाचला गेला. त्याचे मासे मुख्यतः भीमा व तिला मिळणाऱ्या नद्यांतले. परंतु भीमा ही कृष्णेचीच उपनदी आणि मलप्रभा व तुंगभद्राही कृष्णेच्याच. तेव्हा पुण्याजवळ त्याने जे कुळ पाहिले, त्याचेच भाऊबंद आमच्या बाजूच्या पाण्यांतही नांदत होते.

साइक्सने केलेली एक गोष्ट मात्र अशी आहे की, तीसाठी मराठी भाषेने त्याचे ऋणी राहावे. नवीन जातींस नावे देताना त्याने पुष्कळ ठिकाणी कोळ्यांच्या व भोयांच्या तोंडची मराठी नावेच उचलली आणि त्यांस लॅटिन नावांच्या पंक्तीस नेऊन बसविले. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीरास त्याने ‘खुद्री’ म्हटले. आजही जगातील शास्त्रज्ञ त्यास ‘टॉर खुद्री’ म्हणतात. इंद्रायणीत मिळालेल्या, नाकाडावर हाडाचा उंचवटा असलेल्या माशास त्याने ‘नुक्टा’ म्हटले. कोलस, मसला, बोगट, कावरस, मल्या, पोटेल, बालुकी ही नावे त्याच निबंधातली. ‘रोहटी’ या नावाने तर त्याने एका प्रजातीचेच नामकरण केले. परकीय कानाने टिपल्यामुळे उच्चार थोडे वाकडे झाले असतील. पण ज्या कोळ्याने ते शब्द सांगितले, त्याचे नाव कोठेही राहिले नसले तरी त्याचा शब्द जगभरच्या ग्रंथालयांत चिरंजीव झाला आहे. खेद एवढाच वाटतो की, हे शब्द लंडनच्या ग्रंथात जिवंत राहिले आणि आमच्या घरांतून गेले. हुबळीच्या आजच्या मुलास रोहू, कटला ठाऊक असतात; खुद्री, कोलस ही नावे त्याने ऐकलेलीही नसतात.

तिसरी यादी कोणी लिहिली नाही; ती देवळांनी राखली. कर्नाटकात तुंगेकाठी शृंगेरीस विद्याशंकराच्या देवालयाजवळील घाटावर, त्याच नदीवर तीर्थहळ्ळीजवळ चिप्पलगुड्डे येथे, कपिलेकाठी शिशिलेश्वराच्या पायाशी. महाराष्ट्रात महाडनजीक काळ नदीवर वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या डोहात आणि वैतरणेकाठी तिळसेश्वराजवळ मासे धरण्यास लोकांची बंदी आहे. या डोहांत बहुतेक ठिकाणी मान मिळतो तो शफरकुळातील थोरल्या माशास, महाशीरास. कायद्याच्या पुस्तकापूर्वी लोकांनी घालून घेतलेली ही बंदी. कोठे देवीचा कोप सांगितला जातो, कोठे हे मासे म्हणजे देवाची लेकरे असे सांगितले जाते. पण नियम सर्वत्र एकच : येथे गळ नाही, जाळे नाही.

या नियमाची नैसर्गिक बाजू समजून घेण्यासारखी आहे. आमच्या पठारावरील नद्या उन्हाळ्यात आटतात. वाहती धार तुटते आणि उरतात ते खोल डोह. खोऱ्यातील मोठे, प्रौढ मासे त्या दिवसांत डोहांच्या आश्रयास येतात. पाऊस लागला, पाणी गढूळ होऊन वाहू लागले की हेच मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि वाळू-गोट्यांच्या तळावर अंडी घालतात. म्हणजे उन्हाळ्यातला डोह हा त्या नदीचा बियाणे साठविण्याचा कणगा होय. तो कोणी एका दिवसात उपसला, तर पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारेच कोणी उरत नाही. देवळाने नदीचा शे-दोनशे हातांचा तुकडा राखला, पण त्याचा लाभ कोसभर वर-खाली झाला. आपल्याकडे अनेक घरांतून श्रावणात, आणि काही घरांतून सबंध चातुर्मासात मासे वर्ज्य असतात; अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातही चातुर्मासीच्या पौर्णिमांस व इतर ठराविक तिथींस मासे मारू व विकू नयेत अशी आज्ञा आहे. नदीच्या माशांचा वंशवृद्धीचा काळही पावसाळ्याचाच. धर्मकारांच्या मनात हाच हेतू होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु हेतू काहीही असो, त्या संयमाचा फायदा माशांस मिळाला, हे नाकारता येणार नाही.

विसाव्या शतकात मात्र चित्र पालटले. 1953 साली तुंगभद्रेवरील धरण पूर्ण झाले. पुढे सत्तरीच्या दशकात नविलुतीर्थ येथे मलप्रभा अडविली गेली, आणि आज हुबळी-धारवाडच्या नळांस येणारे पाणी प्रामुख्याने तेथलेच आहे. धरणांनी भूक व तहान भागविली, याबद्दल कृतघ्न होण्याचे कारण नाही. परंतु वर चढून अंडी घालणाऱ्या माशापुढे ती भिंत म्हणून उभी राहिली आणि वाहत्या पाण्याच्या जागी साचलेले पाणी आले. साचलेल्या पाण्यात वाढणारे मासे हवेत म्हणून उत्तरेकडील कटला, रोहू व मृगळ येथे सोडण्यात येऊ लागले. हे काम सुकर झाले ते हिरालाल चौधुरी यांच्या शोधामुळे. माशाच्या मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून बंद तळ्यातही भारतीय कार्पाकडून अंडी घालून घेण्याचा त्यांचा प्रयोग 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुळ येथे यशस्वी झाला. आजही तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. परदेशी कार्प, ज्यास आमचे मासेविक्रेते ‘सायप्रिनस’ म्हणतात, तो तर 1939 साली सिलोनमार्गे निलगिरीत आणि 1957 साली बँकॉकहून अशा दोन खेपांनी देशात आला. गवत्या व चंदेरा हे चिनी कार्प 1959 साली आले. एका पिढीत आमच्या तलावांची व धरणांची वस्तीच बदलून गेली. बाजारात मासळी वाढली, गरिबाच्या ताटात प्रथिने आली. पण जुने रहिवासी मागे रेटले गेले.

सदिच्छेने केलेले काम कसे उलटू शकते, याचे उदाहरण मुद्दाम सांगितले पाहिजे. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुळकर्णी यांनी 1970 च्या सुमारास दख्खनच्या खुद्रीच्या अंडी घालण्याच्या रीतीचा बारकाईने अभ्यास केला, आणि लोणावळ्यास वीजनिर्मितीच्या तलावांकाठी महाशीराची पैदास करणारे केंद्र उभे राहिले. दुर्मिळ होत चाललेल्या माशास वाचविण्याचा तो स्तुत्य प्रयत्न होता. तेथील पिले देशातील अनेक नद्यांत सोडण्यात आली. त्यांत कावेरीही होती. परंतु कावेरीत मुळापासून तिचा स्वतःचा महाशीर राहत होता, पाठीवर उंच कुबड असलेला. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी काबिनीत गळाने धरलेला असा एक मासा 120 पौंडांचा भरला होता. बाहेरून आलेली खुद्री कावेरीत फोफावली, आणि कुबडवाला महाशीर दिसेनासा होत गेला. विशेष दुःखाची गोष्ट ही की, तोपर्यंत त्या माशास निश्चित शास्त्रीय नावही नव्हते. 2018 साली शास्त्रज्ञांनी त्याची ओळख ‘टॉर रेमादेवी’ या जातीशी पटविली. आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. नाव ठरले तेव्हा नावाचा धनी जाण्याच्या वाटेवर होता. महाशीर म्हणजे महाशीर, इतपतच ज्ञानावर केलेल्या दानाचा हा परिणाम. कृष्णेची खुद्री कृष्णेत सोडणे हे पुण्य असेल. तीच कावेरीत सोडणे हे दुसऱ्याच्या घरात पाहुणा कायमचा बसविण्यासारखे झाले.

देवळांचे डोहही सुरक्षित राहिले नाहीत. 1996 साली शिशिल येथे कोणा दुष्टांनी नदीत विष कालविले आणि हजारो मासे तडफडून मेले. गावकऱ्यांनी त्यांचे स्मारक उभारले. ज्या गावाने माशांसाठी शोक केला, त्या गावाविषयी आम्हांस आदर वाटतो. परंतु विष नेहमी एका रात्री आणि एका हातानेच येते असे नाही. ते आमच्या मोरीतून दररोज थोडे थोडेही येते. उणकलच्या तलावाकाठी संध्याकाळी फिरावयास जाणाऱ्यांनी जलपर्णीचा हिरवा गालिचा पाहिला असेल. लांबून तो सुंदर दिसतो. पण तो आमच्याच सांडपाण्यावर पोसलेला असतो, आणि त्याच्याखाली पाण्यातील प्राणवायू संपत जातो. चालुक्यांच्या देवालयापासून हाकेच्या अंतरावर ही स्थिती असावी, ही आमच्या पिढीने लाजेने नोंदवून ठेवण्याची गोष्ट होय.

तेव्हा आमच्यासारख्या देवालयांशी बांधलेल्या लोकांनी करावयाचे काय? प्रथम, खाऊ घालण्याचे पुण्य किती आहे हे ओळखावे. ज्यास जठर नाही त्या माशापुढे पाव-बिस्किटांचे ढीग ओतल्याने त्याचे कल्याण होत नाही. न खाल्लेले अन्न कुजते आणि पाण्याचाच प्राण घेते. मूठभर चुरमुरे मुलाच्या हाताने घालावेत, कारण त्या मुठीने मुलाचे माशाशी नाते जडते. पण प्लॅस्टिकची पिशवी घाटावर राहू नये. दुसरे, नवस फेडण्यासाठी बाजारातून आणलेले मासे नदीत सोडू नयेत. देवळाच्या बंद पुष्करिणीची गोष्ट वेगळी; वाहत्या नदीत मात्र त्याच नदीचा नसलेला मासा सोडणे हे दान नव्हे. तिसरे, ज्या ज्या देवस्थानाजवळ राखलेला डोह आहे, त्याच्या विश्वस्तांनी जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांस बोलावून आपल्या डोहात कोणकोणते मासे आहेत याची नोंद करवून घ्यावी आणि त्या नोंदीत शास्त्रीय नावाबरोबरच कानडी, मराठी व कोंकणी नावे गावच्या वृद्ध कोळ्यांस विचारून लिहावीत. राजा सोमेश्वराने जे केले, साइक्सने जे केले, ते आमच्या देवस्थान समितीस करता येऊ नये असे त्यात काही नाही.

आणि चौथी गोष्ट सर्वांत अवघड. आमच्या प्रदेशात आज पाण्यावरून मोठे वाद चालू आहेत. म्हादईचे पाणी मलप्रभेकडे वळविण्याच्या प्रश्नावर 2018 साली लवादाचा निवाडा झाला. या नियतकालिकाचे वाचक गोव्यातही आहेत आणि हुबळीतही. दोघांचीही तहान खरी आहे, म्हणून त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्ही एवढेच नम्रपणे सुचवितो की, वाट्याचा हिशेब मांडताना नदीच्या स्वतःच्या वाट्याचाही एक रकाना असावा. खानापूरच्या डोंगरांत कणकुंबीच्या माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि त्याच डोंगरांच्या दुसऱ्या उतारावरचे पाणी म्हादईस मिळते. दोघींतले मासे हजारो वर्षे वेगळे नांदले आहेत. जेथे पाणी पाणलोटाची सीमा ओलांडील, तेथे त्याबरोबर मासाही ओलांडील, ही गोष्ट कावेरीच्या उदाहरणानंतर तरी कोणी विसरू नये.

भागवतातील राजाकडे पुन्हा एकदा पाहू. त्याच्या ओंजळीतील मासोळी इतकी लहान होती की, तिला परत फेकण्यात त्यास काही विशेष वाटले नाही. ती बोलली म्हणून तो थांबला. आमच्या नद्यांतील शफरी बोलत नाहीत. पण त्यांचे मागणे तेच आहे आणि ते फार मोठेही नाही. उन्हाळ्यात एक खोल डोह, पावसाळ्यात वर जाण्यास एक मोकळी वाट, आणि श्वास घेता येईल असे पाणी. पुढल्या वेळी आमचे वाचक शृंगेरीच्या घाटावर चुरमुऱ्यांचा पुडा सोडतील तेव्हा त्यांनी आपल्या मुलांस या माशांचे नाव सांगावे. परतताना धारवाडास उतरून सोमेश्वराच्या देवळाशी शाल्मलेची धारही दाखवावी, आणि हे पाणी कोठून कोठे जाते, वाटेत त्यात काय काय मिसळते, हेही सांगावे. नाव आणि वाट ठाऊक असलेल्या माशाविषयी माणूस सहसा उदासीन राहत नाही, असा आमचा अनुभव आहे.